बर्फाचं बूच

घाबरण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. मोठं कुत्रं, लिफ्टचं बंद होणारं दार, अवेळी वाजलेला फोन, यांतलं काहीही तिला पुरायचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचं नाव भागूबाई पडलं आणि पुढं ते इतकं रुळलं की शेजारीपाजारीही त्याच नावानं हाका मारू लागले. अशी बाई प्लंबरच्या हाताखाली कामाला लागली, हा सगळ्या नातेवाइकांच्या करमणुकीचा विषय होता. पण जुना जोडीदार काम सोडून गेला तेव्हा सासऱ्यांनी हट्टच धरला. मला सूनच पाहिजे, म्हणाले. नवरा म्हणाला, "बाबा, ती झुरळाला घाबरते." सासरे म्हणाले, "झुरळांचं मी बघेन," आणि विषय तिथंच मिटला.

सासऱ्यांना ती मामा म्हणायची. त्यांच्याबरोबर काम करताना ती पाने-पकडी ओळखायला शिकली, पाईपला आटे म्हणजे चुड्या पाडायला शिकली, हातही बरा बसला. तोंड मात्र चालूच असायचं. मामा, हे गळतंय का, मामा, हे गरम का लागतंय, मामा, हा आवाज कसला. मामा हसायचे, गिऱ्हाइकाकडं बघून डोळा मिचकावायचे, आणि तरी दर वेळी हातातलं काम थांबवून ती म्हणेल ते बघून यायचे.

त्या दिवशी मात्र गाडीत बसल्यापासून तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं. त्याला कारण होतं. आदल्या आठवड्यात एका बेकरीत काम चालू असताना तिला कसलासा वास आला आणि तिनं गॅस, गॅस म्हणून असा काही गिल्ला केला की पिठाच्या हातांनी सगळी माणसं रस्त्यावर आली. शोधाशोध केल्यावर निघालं काय, तर फरशी पुसायचं नवीन औषध. तोवर भट्टीतल्या पावांचा कोळसा झाला होता. घरी नवऱ्यानं हा प्रसंग साग्रसंगीत करून दाखवला. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मामाच तेवढे खाली मान घालून जेवत होते. रात्री नवरा तिला म्हणाला, आणि तेव्हा तो हसत नव्हता, "असंच करत राहिलीस तर बाबांना कुणी दारात उभं करणार नाही. या वयात त्यांचं नाव घालवू नकोस." हे तिला लागलं. चेष्टा तिनं पोतंभर पचवली होती, पण हे आत रुतून बसलं. तिनं ठरवून टाकलं, यापुढं विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

निश्चय वाईट नव्हता. दिवस वाईट निवडला.

काम होतं एका तीन मजली जुन्या घराच्या तळघरात. घरात शिरणाऱ्या पाईपवरचा मुख्य वॉल्व्ह झिजला होता, बंद करूनही पाणी जायचं ते जायचंच. तो बदलायचा तर त्याच्या मागं, रस्त्याखाली असलेला पाणीखात्याचा वॉल्व्ह बंद करायला हवा, आणि तो गंजून असा बसला होता की फिरायचं नाव घेत नव्हता. खात्यात विचारलं तर आठवड्यानं माणूस पाठवू म्हणाले. आता पाणी वाहतंय ते वाहतंय आणि पाईप तर कापायचाय, अशा वेळी प्लंबर लोक एक युक्ती करतात. पाईपमधल्या पाण्याचाच बर्फ करतात आणि त्या बर्फाचं बूच बसवून पुढचं काम उरकतात.

त्यासाठी डबा मिळतो, फवारा मारायचा. पाईपभोवती फोमचं एक जाड पांघरूण गुंडाळायचं, घट्ट बांधायचं, आणि डब्याची नळी त्याच्या भोकात घालून दाबायचं. डब्यात काही बर्फ नसतो. दाब देऊन पातळ केलेला वायू असतो. दाब सुटला की तो जागच्या जागी उकळून उडून जातो, आणि उडायला त्याला ऊब लागते. ती तो पाईपकडून ओरबाडून घेतो. ओल्या केसांनी वाऱ्यात उभं राहिलं की डोकं गार पडतं, तीच गोष्ट, फक्त शेकडो पटींनी जास्त. उघड्या बोटावर पडला तर कातडी भाजल्यासारखी फोडानं वर येते.

गाडीत ती डबा हातात घेऊन त्याच्यामागची बारीक अक्षरं वाचत होती. तिला सगळ्यांमागची बारीक अक्षरं वाचायची सवय होती, बिस्किटाच्या पुड्यामागची सुद्धा.

"काय एवढं वाचतेस?" मामांनी विचारलं.

विचारलं होतं, म्हणून ती बोलली. "दुकानदारानं या वेळी नवीन डबे दिलेत, मामा. टोपण तेच आहे, पण आत वेगळं आहे. पूर्वीच्यात फ्रिजमधला वायू असायचा, तो पेटत नव्हता. यात ब्यूटेन, प्रोपेन आणि कसलंसं ईथर आहे. हे पेटतं. जवळ ज्योत नको म्हणून लिहिलंय."

"सगळ्याच डब्यांवर ज्वाळेचं चित्र असतं गं. दाढीच्या फेसावरपण असतं." मामांनी गाडी वळवली. "आपण पाईपवर मारणार, चुलीत नाही. इतकी वर्षं बर्फाशेजारी बत्ती लावून सांधे झाळतोय मी."

डबे परत पिशवीत गेले.

घरमालकीण दारातच उभी होती. भाडेकरूंना तिनं कालच बजावून ठेवलं होतं, काम होईपर्यंत एकानंही नळ उघडायचा नाही. पाणी स्थिर असलं तरच गोठतं, वाहत्या पाण्याचा बर्फ होत नाही, हे मामांनी तिला फोनवर सांगितलं होतं आणि आता ती ते स्वतःचाच शोध असल्यासारखं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. तिनं जिन्यात खुर्ची टाकून पहारा सुरू केला.

तळघर बुटकं होतं. एका कोपऱ्यात कमरेइतका खोल सिमेंटचा खड्डा होता आणि पाईप त्या खड्ड्यात होता. वर छताला टेकलेली एक छोटी खिडकी, तीही पेटाऱ्यांमागं. पलीकडं पातळ दाराची आणखी एक खोली, तिच्यात घराचा गॅसवर चालणारा बंब होता. ते जिना उतरत असतानाच तो आपला आपण पेटला, भप्प असा आवाज झाला आणि तिनं कठडा घट्ट धरला.

"बंब आहे तो," मामा म्हणाले. "गार पडला की पेटतो. त्याचं काम तो करतोय, आपण आपलं करू."

बंब बंद करा की मामा, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

मामा खड्ड्यात उतरले, गुडघ्यांवर बसले. ती काठावर बसून हत्यारं पुरवू लागली. पहिला डबा रिकामा झाला, पाईपवर पांढरी बुरशी धरल्यासारखं दव गोठलं, आणि मामांनी पाईपला कान लावला. मग शिवी हासडली. आतून बारीक सळसळ येत होती. कुणीतरी नळ चालू ठेवला होता. मालकीणबाईंनी वर जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला दाढी अर्धी असताना पकडला आणि त्याचा जो उद्धार केला तो तळघरापर्यंत ऐकू आला. पण डबा वाया गेला होता. दुसरा मारला. मग मामांनी बूच पक्कं व्हावं म्हणून तिसराही मारला. मुख्य वॉल्व्हपुढच्या तोटीतून पाणी थेंबाथेंबावर आलं आणि थांबलं. बर्फ धरला होता.

"आता वेळ कमी," मामा म्हणाले आणि पाईप कापायला घेतला.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पाईप एकदा कापला की प्लंबरचा जीव त्या बर्फात अडकतो. मागं सबंध रस्त्याचं पाणी दाब देऊन उभं असतं आणि पुढं असतं हातभर लांबीचं बूच, जे पहिल्या क्षणापासून वितळायला लागलेलं असतं. त्याचे कान, डोळे, बोटं सगळी पाण्याकडं लागलेली असतात. हवेत काय आहे इकडं त्याचं लक्ष जात नाही, कारण आयुष्यभर त्याला बुडवलं ते पाण्यानंच. मामांनी बूच ढिलं पडू नये म्हणून मध्येच थांबून आणखी एक डबा मारला.

आणि तेव्हा तिला वास आला.

अगदी हलका होता. गोडसर, नखांना लावायच्या रंगाची बाटली उघडल्यासारखा. तिनं खाली पाहिलं. फोमच्या फटीतून पांढरी वाफ निघत होती, पण वर जात नव्हती. चहाची वाफ वर जाते, ही खाली बसत होती. खड्ड्यात मामांच्या छातीपर्यंत साचली होती, काठावरून सांडत होती, आणि फरशीवरून सावकाश सरकत पलीकडच्या त्या पातळ दाराकडं जात होती. दाराखाली बोटभर फट होती. थोडं पुढं गेल्यावर वाफ दिसेनाशी व्हायची. पण वायू काही संपत नाही, तो तसाच पुढं जात असणार. दाराच्या आड बंब होता, आणि बंबात, तो पेटावा म्हणून सदैव जळत ठेवलेली छोटी ज्योत.

बोल, ती स्वतःला म्हणाली. मग बेकरी आठवली. पिठाच्या हातांची माणसं, नवऱ्याची नक्कल, आणि ते शेवटचं वाक्य. समज, परत औषधच निघालं तर? पाईप उघडा आहे. आत्ता थांबवलं तर बर्फ सुटेल, तळघर भरेल, मालकीणबाई गावभर बोंब मारेल आणि मामांचं नाव माझ्यामुळं मातीत जाईल. मामा तिच्याहून वासाच्या जवळ आहेत, त्यांचं नाक तर त्यातच आहे. काही असतं तर ते बोलले नसते का? हा विचार तिला एकदम पटला. घाबरट माणसाला गप्प बसायला एवढं निमित्त पुरतं.

तर ती गप्प बसली. मामांनी जुना वॉल्व्ह काढून वर दिला, तिनं घेतला. मामांनी नवा मागितला, तिनं दिला. वास वाढत होता. तिचं डोकं जड झालं, बसल्या बसल्या भिंत किंचित झुलली. ती श्वास मोजून घ्यायला लागली. पलीकडच्या खोलीत काहीतरी टिक् टिक् करत होतं, गार होणारा पत्रा असेल. बंब गार होतोय. गार पडला की पेटतो.

"ते हे दे," मामा म्हणाले.

"काय मामा?"

"ते. ते गं." मामांची जीभ जड येत होती. त्यांनी हात वर केला आणि तो हात त्यांना हवा तिथं गेला नाही, काठावर आपटला. ते स्वतःशीच हसले. मामा कामात असं उगाच, स्वतःशी कधी हसत नसत. "बत्ती. सांधा झाळायचाय."

आणि तिनं दिली. पुढं कितीतरी दिवस तिला झोपेतून उठवत राहिली ती हीच गोष्ट. हात पिशवीत गेला, झाळायची गॅसबत्ती काढली आणि मामांच्या हातात ठेवली, कारण मागितलेलं हत्यार द्यायचं ही सवय हाताला लागली होती. मामांनी दुसऱ्या हातानं खिशातला लायटर काढला. अंगठा चाकावर ठेवला. अंगठा घसरला. त्यांनी तो परत ठेवला.

ती ओरडली, म्हणजे तिला वाटलं आपण ओरडलो. तोंडातून आवाजच फुटला नाही. जन्मभर वायफळ भीतीला जिची जीभ सुरीसारखी चालली, तिची खऱ्या वेळी बोबडी वळली. मग ती पोटावर आडवी पडली आणि खड्ड्यात दोन्ही हात घालून तिनं मामांचा अंगठा मुठीत धरला. नुसता अंगठा, जिवाच्या आकांतानं.

"अगं, काय करतेस," मामा म्हणाले. रागावले नाहीत, झोपेतून उठवल्यासारखे बघत राहिले. "बर्फ सुटेल."

"सुटू दे." आता आवाज आला, तोही दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. "मामा, उठा. वर या. पायाशी सगळा गॅस आहे."

लायटर तिनं त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला. मग जिन्याकडं तोंड करून ती किंचाळली. "मालकीणबाई, बंबाचा गॅस बंद करा. बाहेरून, बाहेरून बंद करा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका." मालकीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं असतं तर सगळंच आटोपलं असतं. पण बाई हुकूम सोडण्यात जशी तरबेज होती तशी तो ओळखण्यातही होती. खुर्ची आपटल्याचा आणि गॅसचा वॉल्व्ह होता त्या मागच्या अंगणाचं दार उघडल्याचा आवाज आला.

मामा उठत होते आणि बसत होते. तिनं त्यांच्या काखेत हात घातले, पाय पेटाऱ्याला लावले आणि ओढलं. मामा काही हलके नव्हते. दर ओढीला ती दाराकडं बघत होती. आता भप्प होईल. आता. आता. कपाट सरकवताना नवऱ्याला हाक मारणारी ती बाई, तिनं सासऱ्यांना खड्ड्यातून काठावर, काठावरून फरशीवर आणि फरशीवरून जिन्यापर्यंत आणलं, आणि वर न्यायला मालकीणबाई अर्ध्या जिन्यात भेटल्या. त्या मामांचे पाय उचलायला वाकल्या. गॅस बंद केला, एवढंच म्हणाल्या.

ते अंगणात पोचतात न पोचतात तोच खालून बाटलीचं बूच उडावं तसा आवाज आला आणि मागोमाग पाण्याचा लोंढा. तिसऱ्या मजल्यावरचा अर्धी दाढीवाला पायऱ्यांवर येऊन खाली बघत राहिला. तळघर भरलं. पेटारे तरंगले. आठवड्यानं येणारी पाणीखात्याची माणसं तक्रार गेल्यावर तासाभरात आली आणि रस्ता खोदून त्यांनी पाणी तोडलं. त्यातल्या एकानं बंबाची खोली उघडून बघितली. बंब विटांच्या ओट्यावर बसवला होता, ज्योत फरशीपासून वीतभर उंच होती. वायू त्या विटेच्या कडेपर्यंत आला होता की नव्हता, हे कुणालाच सांगता आलं नाही.

मामा अंगणाच्या कट्ट्यावर बसले होते. दोनदा ओकले, आता तोंडावर थोडा रंग आला होता. ती त्यांच्या शेजारी बसली. घामानं तिचे कपडे अंगाला चिकटले होते. मालकीणबाई नुकसानीचं बोलायच्या आधी पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

"मामा," ती म्हणाली. "मला वास येत होता. केव्हाचा. पाईप कापला तेव्हापासून. मी बोलले नाही."

मामांनी तांब्या उचलला.

"मला वाटलं परत बेकरीसारखं होईल. आणि वाटलं, तुम्ही तर त्यातच बसलाय, तुम्हाला आलाच असेल की."

"मला वास येत नाही," मामा म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. "आज येत नव्हता?"

"तो मोठा ताप आला होता ना मला, त्यात गेला. चव परत आली थोडी. वास नाही आला." त्यांनी तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं. "कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सासूलाही नाही. भाजी करपली तरी मी मुकाट जेवतो, तिला वाटतं प्रेमानं जेवतोय. वास न येणाऱ्या प्लंबरला कोण घरात घेईल? पोरगा तर दुसऱ्या दिवशी काम सोडायला लावेल."

तिनं तांब्या त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"म्हणून तर तुला मागून घेतलं. तुझं नाक चांगलं, आणि तोंड त्याच्याहून चांगलं. तू सारखी मामा हे काय, मामा ते काय करतेस, ते लोकांना हसू येतं. मी त्याच्यावर चालतो." मामांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "आजही मी वाट बघितली. डबा मारला, थांबलो. पाईप कापला, थांबलो. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, हिला काही वाटत नाही म्हणजे सगळं ठीक आहे. म्हणून बत्ती मागितली."

पाणीखात्याचा माणूस गाडी कुणाची आहे, बाजूला घ्या, असं ओरडत होता. दोघंही उठली नाहीत. ती तळघरात घाबरली होती त्याच्या कितीतरी पट आता घाबरली होती, आणि या वेळी ते कुणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं.